लिम्फोमातील अर्बुदरोधक प्रथिनांचे प्रतिपिंड-रंजन: नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

लिम्फोमाच्या, म्हणजे लसीका पेशींच्या कर्करोगाच्या, छेदावर पी५३, पी२७ किंवा आरबी या अर्बुदरोधक (पेशीची बेलगाम वाढ रोखणाऱ्या) प्रथिनांचे प्रतिपिंड-रंजन करणे हाताला जड जात नाही. काही आठवड्यांच्या सरावानंतर कोणाही नवशिक्याला स्वच्छ काचपट्टी तयार करता येते. अवघड आहे ते त्या काचपट्टीवरून निष्कर्ष काढणे. सीडी२० (बी-पेशींची खूण) किंवा सीडी३ (टी-पेशींची खूण) यांसारख्या नेहमीच्या खुणांचे रंजन करताना आपण पेशीत जे आहे ते शोधत असतो. अर्बुदरोधक प्रथिनांच्या बाबतीत मात्र बहुतेक वेळा पेशीतून जे हरवले आहे ते दाखवायचे असते, आणि रंग न उमटणे हे प्रथिन हरवल्यामुळे घडते तसेच फॉर्मॅलीन आतपर्यंत न पोहोचल्यामुळे, बफरचा सामू चुकल्यामुळे किंवा प्रतिपिंड जुने झाल्यामुळेही घडते. या दोन प्रकारच्या अनुपस्थिती एकमेकींपासून वेगळ्या कशा ओळखायच्या, हा प्रश्न समोर ठेवूनच पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: प्रथिनाचा स्वभाव जाणून घेणे

प्रतिपिंड मागवण्यापूर्वी त्या प्रथिनाचे निरोगी पेशीतील वर्तन समजून घ्यावे, कारण गडद रंगाचा अर्थ प्रत्येक प्रथिनागणिक बदलतो आणि याचे सर्वांत चांगले उदाहरण पी५३ हेच आहे. ३९३ अमिनो आम्लांचे हे प्रथिन १७ क्रमांकाच्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवरील टीपी५३ या जनुकापासून बनते. १९७९ मध्ये ते सापडले तेव्हा कर्करोगाच्या पेशींत ते भरपूर आढळते म्हणून ते कर्करोगाला चालना देणारे असावे असे मानले गेले, आणि ते खरे तर अर्बुदरोधक आहे हे स्पष्ट व्हायला जवळपास दहा वर्षे लागली. हा घोटाळा ज्या कारणाने झाला तेच कारण आजही काचपट्टीवर आपल्यासमोर असते. निरोगी पेशीत पी५३ तयार होताच एमडीएम२ हे प्रथिन त्याला नष्ट होण्याच्या मार्गावर पाठवते, त्यामुळे ते फार काळ टिकत नाही आणि रंजनात फिकट, तुरळक दिसते. जनुकात एका अमिनो आम्लाची अदलाबदल करणारे उत्परिवर्तन झाले की बिघडलेले प्रथिन पेशीच्या केंद्रकात साचत जाते, आणि रंजन गडद होते. म्हणजेच पी५३ च्या बाबतीत एकसारखा गडद रंग हे बहुधा कार्य गमावल्याचे चिन्ह असते. उलट उत्परिवर्तनामुळे प्रथिनाची साखळीच अर्धवट तुटत असेल किंवा जनुकाच्या दोन्ही प्रती नष्ट झाल्या असतील, तर पेशी पूर्णपणे कोऱ्या दिसतात. दोन टोके रोगाची आणि मधली फिकट, असमान छटा निरोगीपणाची, अशी ही उलटी मांडणी पहिल्याच दिवशी मनात पक्की करावी.

इतर प्रथिनांचे गणित वेगळे आहे. १३ क्रमांकाच्या गुणसूत्रावरील आरबी आणि १० क्रमांकाच्या गुणसूत्रावरील पीटेन यांच्या बाबतीत रंग जाणे म्हणजे प्रथिन जाणे, इतका सरळ संबंध असतो. पी१६ हे ९ क्रमांकाच्या गुणसूत्रावरील सीडीकेएन२ए या जनुकापासून बनते आणि लिम्फोमात ते दोन्ही प्रती गळून पडल्यामुळे किंवा जनुकाच्या आरंभक भागावर मिथाइल गट चढून जनुक मूक झाल्यामुळे नाहीसे होते. पी२७ ची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते: मँटल सेल लिम्फोमात त्याचे जनुक बहुधा शाबूत असते, पण तयार झालेले प्रथिन प्रोटिएसोमकडून, म्हणजे पेशीतील प्रथिने मोडणाऱ्या यंत्रणेकडून, वेगाने मोडले जाते. अशा वेळी जनुकाचा क्रम कितीही काळजीपूर्वक वाचला तरी हाती काही लागत नाही, आणि काचपट्टी मात्र प्रथिन नसल्याचे स्पष्ट दाखवते. प्रतिपिंड-रंजनाचे खरे मोल अशा ठिकाणी कळते.

दुसरी पायरी: प्रश्न आणि नमुने ठरवणे

ज्या प्रश्नाचे उत्तर हवे तो एका वाक्यात लिहून काढावा. “मँटल सेल लिम्फोमात पी५३ चे गडद रंजन आणि टीपी५३ चे उत्परिवर्तन किती वेळा एकत्र आढळते” हा प्रश्न तपासता येतो. “लिम्फोमात पी५३ कसे असते” हा तपासता येत नाही. लिम्फोमा हा एक आजार नसून अनेक आजारांचा समूह आहे, म्हणून फॉलिक्युलर, मँटल सेल, डिफ्यूज लार्ज बी-सेल, बर्किट आणि हॉजकिन या प्रकारांचे नमुने एकाच गोणीत भरू नयेत. नीतिसमितीची मान्यता व रुग्णाच्या संमतीची स्थिती तपासून, प्रत्येक नमुन्यासमोर निदान, नमुना घेतल्याची वेळ, आणि तो उपचारांपूर्वीचा की नंतरचा हे नोंदवावे. शेवटची नोंद विशेष महत्त्वाची आहे, कारण केमोथेरपी व किरणोपचारांमुळे डीएनएला इजा झाली की निरोगी पी५३ सुद्धा काही काळ साचते आणि उत्परिवर्तनाचा आभास निर्माण करते.

तिसरी पायरी: स्थिरीकरण

काचपट्टीचे भवितव्य बहुतांशी येथेच ठरते, आणि रंजन करणाऱ्याच्या हातात मात्र ही पायरी क्वचितच असते. काढलेली लसीका ग्रंथी शक्यतो तासाभराच्या आत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलीनमध्ये जावी. फॉर्मॅलीन ऊतीत ताशी साधारण एक मिलिमीटर या मंद गतीने शिरते, आणि शिरल्यानंतर प्रथिनांना बांधून ठेवण्याची रासायनिक क्रिया पूर्ण व्हायला आणखी बराच वेळ लागतो. लसीका ग्रंथीला तंतुमय आवरण असल्यामुळे ती अखंड टाकली तर कडेचा भाग नीट स्थिर होतो आणि मधला भाग अर्धवट कुजू लागतो. म्हणून ग्रंथीचे दोन ते तीन मिलिमीटर जाडीचे काप करून, ऊतीच्या दहा ते वीस पट फॉर्मॅलीनमध्ये किमान ६ तास आणि शक्यतो २४ ते ४८ तास ठेवावेत. ७२ तासांपुढे नेणे टाळावे.

शिकत असताना माझ्याच हातून झालेली एक चूक येथे सांगणे उपयोगी ठरेल. एका मोठ्या ग्रंथीच्या छेदात मध्यभागी आरबीचा रंग पूर्णपणे नव्हता आणि कडेला तो उत्तम होता. अर्बुदाच्या एका उपसमूहाने आरबी गमावले आहे असे मी मोठ्या उत्साहाने वहीत लिहिले. माझ्या मार्गदर्शकांनी काचपट्टी भिंगाखाली धरली, मधल्या भागातील रक्तवाहिन्यांकडे बोट दाखवले आणि त्यांच्या अस्तराच्या पेशींत तरी आरबी आहे का, एवढेच विचारले. तेथेही रंग नव्हता. निरोगी अस्तरपेशींनी आरबी गमावण्याचे काहीच कारण नसल्यामुळे तो दोष सरळ स्थिरीकरणाचा होता. तेव्हापासून कोणत्याही काचपट्टीवर अर्बुदाकडे वळण्यापूर्वी निरोगी पेशींकडे पाहायची सवय मला लागली आणि ती प्रत्येक नवशिक्याने पहिल्यापासून लावून घ्यावी असा माझा आग्रह आहे.

अस्थिमज्जेच्या नमुन्यांत हाडातील कॅल्शियम काढून टाकावे लागते. तीव्र आम्लाने हे काम लवकर होते, पण त्यात प्रतिजनांची आणि डीएनएची हानी होते. ईडीटीएने वेळ अधिक लागत असला तरी या अभ्यासासाठी तोच वापरावा. अस्थिमज्जेतील रंजनाची तुलना लसीका ग्रंथीतील रंजनाशी थेट करू नये.

चौथी पायरी: छेद घेणे

पॅराफीन ब्लॉकमधून तीन ते चार मायक्रॉन जाडीचे छेद घेऊन ते धन प्रभारित काचपट्ट्यांवर उचलावेत आणि ६० अंश सेल्सिअसला साधारण तासभर वाळवावेत. छेद जाड झाला तर केंद्रके एकमेकांवर चढतात आणि कोणती पेशी रंगली हे सांगता येत नाही. लिम्फोमात पेशी दाटीवाटीने असल्यामुळे हा दोष अधिक जाणवतो. कापून ठेवलेल्या छेदांतील प्रतिजने महिन्यांगणिक क्षीण होतात आणि पी५३ च्या बाबतीत हे चांगलेच ज्ञात आहे, म्हणून छेद रंजनाच्या आसपासच कापावेत. पाठोपाठचे छेद क्रमांक घालून ठेवले तर पी५३, पी२१ (पी५३ च्या प्रभावाने वाढणारे प्रथिन), केआय-६७ (विभागणाऱ्या पेशींची खूण) आणि सीडी२० हे एकाच जागी शेजारीशेजारी वाचता येतात.

पाचवी पायरी: प्रतिजन पुन्हा उघडे करणे

फॉर्मॅलीनने प्रथिनांमध्ये बांधलेले पूल प्रतिपिंडाची वाट अडवतात. १९९१ मध्ये मायक्रोवेव्हमध्ये छेद तापवून ही वाट पुन्हा मोकळी करण्याची पद्धत प्रसिद्ध झाली आणि पूर्वी गोठवलेल्या ऊतीवरच शक्य असणारी कित्येक रंजने साध्या पॅराफीन ब्लॉकवर होऊ लागली.

आधी झायलीनमध्ये पॅराफीन विरघळवून, उतरत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून छेद पाण्यात आणावा. येथून शेवटपर्यंत छेद एकदाही कोरडा पडू देऊ नये. त्यानंतर दोनपैकी एक बफर वापरावा: १० मिलिमोलर सायट्रेट, सामू ६.०, किंवा १० मिलिमोलर ट्रिस व १ मिलिमोलर ईडीटीए, सामू ९.०. वॉटर बाथमध्ये ९५ ते ९८ अंशांवर २० ते ३० मिनिटे, किंवा प्रेशर कुकरमध्ये पूर्ण दाब आल्यावर दोन ते तीन मिनिटे, आणि मग बफरमध्येच सुमारे २० मिनिटे निवू देणे, असा क्रम ठेवावा. केंद्रकातील प्रथिनांना बहुधा सामू ९ चा बफर अधिक मानवतो, तरीही नव्या प्रतिपिंडासाठी दोन्ही बफर एकदा तपासून पाहावेत. बफरचा सामू दर वेळी मोजावा; बाटलीवर लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नये.

सहावी पायरी: प्रतिपिंड निवडणे आणि त्याचे प्रमाण ठरवणे

१९७५ मध्ये एकाच वंशाच्या पेशींपासून एकसारखी प्रतिपिंडे बनवण्याचे तंत्र आले आणि त्यामुळे आज जगभरच्या प्रयोगशाळा एकच क्लोन वापरून निष्कर्षांची तुलना करू शकतात. पी५३ साठी डीओ-७ हा क्लोन सर्वाधिक वापरला जातो. तो प्रथिनाच्या आरंभीच्या टोकाजवळ, साधारण २० ते २५ क्रमांकांच्या अमिनो आम्लांवर बसतो. बहुतेक उत्परिवर्तने मधल्या, डीएनएला चिकटणाऱ्या भागात होत असल्यामुळे डीओ-७ निरोगी आणि बिघडलेले अशा दोन्ही पी५३ ला सारखेच ओळखतो. “उत्परिवर्तित पी५३ चे प्रतिपिंड” असा त्याचा उल्लेख करणे म्हणूनच चुकीचे आहे. उंदराच्या पी५३ ला मात्र तो ओळखत नाही, तेव्हा उंदरांतील लिम्फोमावर काम करणाऱ्यांनी सीएम५ सारखे वेगळे प्रतिपिंड घ्यावे आणि उंदरापासूनचे प्रतिपिंड उंदराच्याच ऊतीवर वापरल्यास पार्श्वभूमी गढूळ होते हेही लक्षात घ्यावे.

प्रमाण ठरवताना उत्पादकाचा आकडा हा आरंभबिंदू समजावा. एकाच ब्लॉकच्या छेदांवर १:५०, १:१००, १:२००, १:४०० आणि १:८०० अशी मालिका लावून, निरोगी पेशींतील अपेक्षित रंग स्पष्ट राहतो आणि पार्श्वभूमी स्वच्छ राहते असे प्रमाण निवडावे. सर्वांत गडद दिसणारी काचपट्टी निवडण्याचा मोह टाळावा. पी५३ साठी तर तो घातकच आहे, कारण प्रतिपिंड जास्त झाले की निरोगी पी५३ ची फिकट छटा गडद होते आणि साचलेल्या प्रथिनाशी तिचा फरक पुसला जातो. प्रतिपिंड फार कमी झाले तर तीच फिकट छटा नाहीशी होऊन निरोगी पी५३ असलेले अर्बुदही ते गमावलेले भासते.

सातवी पायरी: प्रत्यक्ष रंजन

धुण्यासाठी ०.०५ टक्के ट्वीन-२० घातलेला ट्रिस बफर, सामू ७.६, वापरावा आणि प्रत्येक टप्प्यानंतर दोन-तीन वेळा धुवावे. बफर टिकावा म्हणून काही जण त्यात सोडियम अझाइड घालतात; ते पेरॉक्सिडेजचे कार्य थांबवते, म्हणून येथे ते नको.

छेदातील मूळचे पेरॉक्सिडेज ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने पाच ते दहा मिनिटांत शमवावे. हॉजकिन लिम्फोमात इओसिनोफिल पेशींची गर्दी असते आणि त्यांच्यात पेरॉक्सिडेज विपुल असते, तेव्हा तेथे ही पायरी उरकून टाकू नये. त्यानंतर केसिन किंवा सीरमने मोकळ्या जागा झाकून, पहिले प्रतिपिंड दमट पेटीत खोलीच्या तापमानाला ३० ते ६० मिनिटे किंवा ४ अंशांवर रात्रभर ठेवावे. पुढे पेरॉक्सिडेज जोडलेले पॉलिमर सुमारे ३० मिनिटे लावावे. बायोटिनवर आधारलेल्या जुन्या पद्धतीही चालतात, परंतु तापवण्यामुळे ऊतीतील मूळचे बायोटिनही उघडे पडते आणि पेशीद्रव्यात खोटा रंग देते, त्यामुळे नवशिक्याने पॉलिमर पद्धतच धरावी.

डीएबी या रंगद्रव्याचा तपकिरी रंग पाच ते दहा मिनिटांत उमटतो. हा वेळ एकदा ठरला की सर्व काचपट्ट्यांना तोच द्यावा; एखादी काचपट्टी फिकट वाटते म्हणून तिला दोन मिनिटे अधिक देणे म्हणजे मोजमापाची फूटपट्टीच बदलणे होय. डीएबी कर्करोगकारक असण्याची शंका असल्यामुळे हातमोजे घालूनच ते हाताळावे आणि त्याचा निचरा वेगळा साठवावा. शेवटी केंद्रके निळी करणारे हिमॅटॉक्सिलीन अगदी हलके द्यावे, कारण आपली बहुतेक प्रथिने केंद्रकातच असतात आणि गडद निळ्याखाली फिकट तपकिरी सहज झाकला जातो. मग अल्कोहोल, झायलीन व आच्छादन-काच चिकटवणारे डीपीएक्स हा नेहमीचा क्रम.

आठवी पायरी: कंट्रोल

प्रत्येक वेळी रंजनाबरोबर टॉन्सिलचा छेद ठेवावा. लिम्फोमाच्या अभ्यासकासाठी टॉन्सिल हे पाठ्यपुस्तकच आहे, कारण त्यात जर्मिनल सेंटर (बी-पेशी वेगाने विभागतात तो भाग), मँटल झोन (त्याभोवतीचे विश्रांतीतील बी-पेशींचे कडे), टी-पेशींचा भाग आणि आवरणपेशी हे सर्व एकाच ठिकाणी असते आणि प्रत्येक भागात काय दिसायला हवे हे आधीपासून ठाऊक असते. पी५३ जर्मिनल सेंटरमध्ये आणि आवरणाच्या तळाच्या पेशींत तुरळक व फिकट दिसते. पी२७ मँटल झोनमध्ये व टी-पेशींत गडद आणि जर्मिनल सेंटरमध्ये जवळपास शून्य असते. आरबी याच्या उलट, वेगाने विभागणाऱ्या जर्मिनल सेंटरमध्ये ठळक असते. पी१६ खाचांच्या आवरणातील विखुरलेल्या पेशींत आणि जर्मिनल सेंटरमधील डेंड्रिटिक पेशींत मिळते. या चार चित्रांची ओळख पक्की झाल्याशिवाय लिम्फोमाची एकही काचपट्टी वाचायला घेऊ नये.

टॉन्सिलखेरीज पेशीवंशांचे पॅराफीन ब्लॉक बनवून ठेवणे फार उपयोगी पडते. एचएल-६० या पेशींत पी५३ नसते. साओस-२ मध्ये पी५३ नसते आणि कार्यक्षम आरबीही नसते. जर्कट पेशींत पीटेन नसते. हेला पेशींत पी१६ भरपूर असते. ज्या पेशीत प्रथिन नाही असे निश्चित ठाऊक आहे तेथे प्रतिपिंडाने रंग दिला, तर त्या प्रतिपिंडावर पुढे विश्वास ठेवता येत नाही. पहिले प्रतिपिंड वगळून केलेली काचपट्टी आणि त्याच प्रकारच्या असंबद्ध प्रतिपिंडाची काचपट्टी, हे नकारात्मक कंट्रोलही दर वेळी हवेत.

तरीही सर्वांत वरचे स्थान अंतर्गत कंट्रोलला, म्हणजे त्याच छेदातील निरोगी पेशींना द्यावे. टॉन्सिलचा छेद रंजनाची क्रिया बरोबर झाली एवढेच सांगतो. या रुग्णाची ग्रंथी नीट स्थिर झाली होती का, हे केवळ तिच्यातील निरोगी पेशीच सांगू शकतात. आरबी आणि पीटेन यांच्यासाठी रक्तवाहिन्यांचे अस्तर, पी२७ साठी विखुरलेल्या टी-पेशी पाहाव्यात. त्यांत रंग नसेल तर अर्बुदाविषयी काहीही लिहू नये. “अर्थ लावण्याजोगे नाही” अशी नोंद करून काचपट्टी बाजूला ठेवावी.

नववी पायरी: वाचन

प्रथम कमी भिंगावर संपूर्ण छेद पाहावा. कडेला किंवा मृत ऊतीभोवती साचलेला रंग सोडून द्यावा. त्वचेजवळच्या ग्रंथींत मेलॅनिन आणि जुन्या रक्तस्रावाच्या जागी हिमोसिडेरिन असते. दोन्ही तपकिरी असल्यामुळे डीएबीशी त्यांची गल्लत होते, आणि शंका आल्यास तोच छेद लाल रंगद्रव्याने पुन्हा करावा.

यानंतर रंगलेली पेशी अर्बुदाची आहे का, हे ठरवावे. लिम्फोमाच्या छेदात निरोगी टी-पेशी, मॅक्रोफेज आणि अर्बुदपेशी एकमेकांत मिसळलेल्या असतात, आणि हा प्रश्न पी२७ च्या वाचनात सर्वाधिक छळतो. मँटल सेल लिम्फोमात अर्बुदपेशींतून पी२७ बहुधा गेलेले किंवा घटलेले असते, पण त्यांच्यामध्ये पसरलेल्या टी-पेशी गडद असतात. नुसती टक्केवारी मोजली तर “४० टक्के पेशींत पी२७” असा फसवा आकडा निघतो. शेजारच्या छेदावरील सीडी३ किंवा एकाच छेदावरील पॅक्स५ (बी-पेशींची खूण) बरोबरचे दुहेरी रंजन यातून सोडवते. अर्बुदपेशींची छटा नेहमी शेजारच्या टी-पेशीशी ताडून पाहावी. शिवाय पी२७ हे विश्रांतीतील पेशींचे प्रथिन असून विभाजन सुरू झाले की ते स्वाभाविकपणेच उतरते, म्हणून केआय-६७ जास्त असलेल्या लिम्फोमात ते कमी दिसण्यात नवल नाही. केआय-६७ कमी असूनही पी२७ नसणे, ही खरी नोंद घेण्याजोगी गोष्ट होय.

पी५३ चे वाचन टक्केवारी आणि तीव्रता या दोन्हींवर करावे. डिफ्यूज लार्ज बी-सेल आणि मँटल सेल लिम्फोमात निम्म्याहून अधिक अर्बुदपेशींची केंद्रके गडद असणे ही सीमारेषा अनेक अभ्यासांत वापरली जाते, आणि मँटल सेल लिम्फोमात असे रंजन प्रतिकूल वाटचालीशी निगडित आहे. पूर्णपणे कोरे अर्बुद आणि आजूबाजूच्या निरोगी पेशींत फिकट पी५३, हेही उत्परिवर्तनाचे लक्षण समजावे. नवशिके असे नमुने “निगेटिव्ह” म्हणून निरोगी गटात टाकतात आणि त्यांच्या सगळ्या सारण्या बिघडतात. गडद पी५३ खरोखर निकामी आहे का, याचा अंदाज पी२१ वरून येतो. कार्यक्षम पी५३ पी२१ ला वर खेचते, त्यामुळे पी५३ गडद आणि पी२१ अनुपस्थित ही जोडी उत्परिवर्तनाकडे बोट दाखवते, तर दोन्ही वाढलेली असतील तर पेशी इजेला प्रतिसाद देत असण्याची शक्यता अधिक असते. हॉजकिन लिम्फोमातील रीड-स्टर्नबर्ग या मोठ्या अर्बुदपेशींत पी५३ अनेकदा ठळक असते, पण बहुतेक वेळा त्यामागे उत्परिवर्तन सापडत नाही. एका लिम्फोमाचा नियम दुसऱ्याला लावू नये याचे हे ठळक उदाहरण आहे.

पी१६ बाबत मी नवशिक्यांना जरा थांबायला सांगतो. निरोगी लिम्फोसाइटमध्येच पी१६ इतके कमी असते की अर्बुदात ते न दिसण्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. त्याच गुणसूत्रपट्ट्यावर शेजारी असलेले एमटॅप जनुक बहुतांश निरोगी पेशींत कार्यरत असते आणि पी१६ च्या जनुकाबरोबर ते पुष्कळदा गळून पडते, म्हणून एमटॅपच्या प्रथिनाची अनुपस्थिती वाचायला अधिक सोपी जाते. पण मिथाइल गटांमुळे पी१६ मूक झाले असेल तर एमटॅप शाबूत राहते हेही ध्यानी असावे. याउलट पी१६ अतिशय गडद दिसले तर लगेच आरबीची काचपट्टी पाहावी. आरबी गेले की पी१६ वर असलेला लगाम सुटतो आणि ते साचते, तेव्हा आरबी अनुपस्थित, अस्तरपेशींत आरबी उपस्थित आणि पी१६ गडद हे त्रिकूट जुळले तर आरबी हरवल्याचा निष्कर्ष भक्कम समजावा.

दहावी पायरी: मोजणी

सीमारेषा मोजणीपूर्वी ठरवून लेखी ठेवावी. निकाल पाहून सोयीची सीमारेषा निवडली की कोणताही संबंध सिद्ध करता येतो, आणि अशा निष्कर्षाचा रुग्णाला उपयोग नसतो. अर्बुदाच्या किमान पाच क्षेत्रांतील मिळून ५०० अर्बुदपेशी मोजाव्यात. दोन वाचकांनी रुग्णाची माहिती न पाहता, एकमेकांशी न बोलता वाचावे, आणि त्यांच्यातील सहमती कप्पा गुणांकाने (योगायोगाने जुळणारा भाग वगळून सहमती मोजणाऱ्या आकड्याने) मांडावी.

रंजनाची टक्केवारी व तीव्रता एका आकड्यात मांडणारा एच-स्कोअर काढताना फिकट पेशींच्या टक्केवारीला १, मध्यमला २ आणि गडदला ३ ने गुणून बेरीज करतात, त्यामुळे तो ० ते ३०० दरम्यान येतो. २० टक्के फिकट, ३० टक्के मध्यम आणि ४० टक्के गडद असतील तर तो २०० येतो. पण सर्व १०० टक्के पेशी मध्यम असल्या तरी तो २००च येतो, आणि पी५३ च्या दृष्टीने ही दोन चित्रे सर्वस्वी भिन्न आहेत. म्हणून पी५३ साठी एच-स्कोअर एकट्याने देऊ नये. गडद पेशींची टक्केवारी वेगळी लिहावी. टिश्यू मायक्रोअरे (अनेक अर्बुदांचे बारीक गाभे एकत्र बसवलेला ब्लॉक) वापरल्यास प्रत्येक अर्बुदातून किमान तीन गाभे घ्यावेत, कारण टीपी५३ चा बिघाड अनेकदा अर्बुदाच्या एका भागापुरता असतो आणि एक मिलिमीटरचा एकुलता गाभा तो सहज चुकवतो.

अकरावी पायरी: जनुकाशी पडताळणी आणि नोंद

प्रतिपिंड प्रथिनाची उपस्थिती दाखवते, त्याचे कार्य दाखवत नाही. त्यामुळे निदान काही नमुन्यांत तरी टीपी५३ चा क्रम वाचून आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्राचा तो भाग गळाला आहे का हे फिश पद्धतीने (चमकणारे डीएनए-तुकडे जनुकावर चिकटवून) पाहून रंजनाची पडताळणी करावी. जेथे रंजन आणि जनुक यांचे जुळत नाही ते नमुने वगळू नयेत. तेथे आधी अंतर्गत कंट्रोल पुन्हा पाहावा, मग अर्बुदपेशींचे प्रमाण पुरेसे होते का हे तपासावे, आणि दोन्ही ठीक असतील तर ती विसंगती जशीच्या तशी अहवालात मांडावी.

अहवालात क्लोनचे नाव, प्रमाण, प्रतिजन उघडे करण्याचा बफर व त्याचा सामू, तापमान, वेळ, पॉलिमरचा प्रकार, छेद कापल्याची व रंगवल्याची तारीख, सीमारेषा आणि अर्थ न लावता आलेल्या काचपट्ट्यांची संख्या हे सर्व असावे. प्रथिन नसल्याची प्रत्येक नोंद “अर्बुदपेशींत अनुपस्थित, अस्तरपेशींत उपस्थित” अशा जोडवाक्यात लिहावी, आणि त्या वाक्याचा उत्तरार्ध लिहिता येत नसेल तर पूर्वार्धही लिहू नये.